मेंबर बाहेर बसले

काकांनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही. दारात मी, माझी एक बॅग, भिजलेला कोट आणि हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावरून उतरवून घेतलेला खोलीचा पत्ता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "वॉर्ड कुठला?"

मी जेरिॲट्रिक्सची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या विभागातली डॉक्टर. लागोपाठ ड्युटी करून आलेली. "फीमेल. दुसरा मजला," मी म्हटलं.

"तो नाही हो. कौन्सिलचा वॉर्ड. मत कुठं देता तुम्ही?"

मी म्हटलं, मी भारताची नागरिक आहे, इथे कसं मत देणार? त्यावर ते इतके खिन्न झाले की मला वाटलं खोली हातची गेली. कॉमनवेल्थमधून येऊन इथे राहणाऱ्याला या देशात मत असतं, हे त्यांनी मला तिथेच, दारात, पावसात समजावून सांगितलं. मग मान मागे वळवून म्हणाले, "ऐकलं का, आणखी एक डॉक्टर आली. हिलाही कोणी सांगितलेलं नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "आधी आत तर घ्या तिला. मत काय दारातच देऊन राहिली का ती?"

अशी मला त्या घरातली बॉक्स रूम, म्हणजे अडगळीची छोटी खोली, मिळाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. मी तिथे पुढे बरीच वर्षं राहिले, कारण निघायला लागते तेवढी ताकद माझ्यात कधी उरायचीच नाही.

त्यांना ओळखणारे सगळे मराठी लोक 'मेंबर' म्हणत. निवडून यायच्या आधीपासून म्हणत, आणि पडल्यावरही म्हणत राहिले. मी काका म्हणत असे. ते मला 'डॉक्टर' म्हणत. पहिलं वर्षभर 'डॉक्टर, तुम्ही', नंतर 'डॉक्टर, तू'. मूळचे नागपूरकडचे. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. हॉलमध्ये बुद्धाची एक छोटी पितळी मूर्ती, तिच्याशेजारी वडिलांचा फोटो. वडिलांनी पहिलं मत दिलं तेव्हा नवं धोतर नेसले होते, असं काका सांगत. "माझ्या आज्याला मत नव्हतं. बापाला मिळालं. मला तर दोन देशांत मिळालं," असं ते म्हणत.

घर दक्षिण लंडनच्या कडेला, क्रॉयडनच्या अलीकडे, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीतलं. अगदी समोर बस स्टॉप. वर चढावर मोठी, सुटी घरं, पुढे गाड्या, मागे सफरचंदाची झाडं. खाली रेल्वेलाइनच्या पलीकडे कौन्सिलचे तीन टॉवर ब्लॉक. चढावरच्या लोकांना टॉवर दिसू नयेत म्हणून मध्ये पॉप्लरच्या उंच झाडांची रांग लावलेली होती. एवढा सगळा मिळून आमचा वॉर्ड. काका त्यात रोज संध्याकाळी छत्री घेऊन फिरत. पेव्हमेंटची फरशी हलली की छत्रीच्या टोकाने तिला टोचत, माझे सीनियर पेशंटचं पोट दाबून बघत तसं. दुखतं का, अशा चेहऱ्याने.

एका शुक्रवारी ते म्हणाले, "उद्या मला सर्जरीला जायचंय."

मी दचकले. विचारलं, काय झालंय, कुठल्या हॉस्पिटलात, मला आधी का सांगितलं नाही. काकू पोळ्या लाटता लाटता हसू लागल्या. इथे खासदार आपल्या मतदारसंघातल्या लोकांना भेटायला बसतो त्यालाही सर्जरी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आमचे एमपी महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसत. लोक आपापली दुखणी घेऊन येत: भिंतीला ओल आली, पेन्शन अडकली, भावाचा व्हिसा होत नाही. काका त्याच रांगेत बसत. पण त्यांना स्वतःसाठी काही नको असे. ते आठवड्याभरात लायब्ररीत बसून संसदेच्या कामकाजाचे छापील अहवाल वाचत, आपल्या एमपीने कशावर कुठं मत दिलं ते शोधून काढत, आणि शनिवारी जाऊन विचारत, "का?"

एमपी दुसऱ्या पक्षाचे. उंच, लाल गालांचे, कायम सर्दी झालेले गृहस्थ. काका आत शिरले की ते रुमाल बाजूला ठेवून म्हणत, "गुड मॉर्निंग. आता मी काय केलं?"

एकदा मला सुट्टी होती म्हणून मी सोबत गेले. त्या महिन्यात जमिनींच्या कसल्याशा बिलावर मतदान झालं होतं. काका खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "एका बिल्डर कंपनीने तुमच्या प्रचाराला मदत केली, हे तुम्हीच जाहीर केलंय. या बिलाने त्या कंपनीचा फायदा होतो. मग तुम्ही मत का दिलंत? त्या दिवशी बाहेर बसायचं होतं."

एमपी चिडले नाहीत. त्यांनी नाक पुसलं. "मी बाहेर बसलो तर माझ्याबरोबर या मतदारसंघातली सगळी माणसं बाहेर बसतात," ते म्हणाले. "त्यांनी मला आत बसायला पाठवलंय. तुम्हाला बाहेर बसणं सोपं वाटतं, नाही?"

काकांनी छत्री उचलली. परत येताना चढ अर्धा चढून झाल्यावर थांबले. "बरोबर बोलला तो," म्हणाले. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबले. "पण चूक आहे."

मग एका वर्षी काकांच्या पक्षाने त्यांनाच कौन्सिलच्या निवडणुकीला उभं केलं. आमचा वॉर्ड पक्षाच्या दृष्टीने बुडालेलाच होता. दुसरं कुणी तयार नव्हतं. पक्षाकडे तिथे खर्च करायला काही नव्हतं, आणि काका कोणाकडून काही घ्यायला तयार नव्हते. एक रेस्टॉरंटवाला मदत करायला आला, त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. शेवटी डॉक्टर रेगे आले.

रेग्यांचं सांगायला हवं. चढावर त्यांची जीपी प्रॅक्टिस होती. मुंबईचे, हजरजबाबी, कपड्यांचे शौकीन. काका आणि ते एकाच वर्षी या देशात आलेले. एका बेडसिटमध्ये, म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात, दोघं राहिलेले, एकाच गॅसच्या शेगडीवर आलटून पालटून भात लावलेला. भारतात राहिले असते तर एकमेकांच्या घरात पाऊल पडलं असतं की नाही कोण जाणे. इथे तीस हिवाळे बरोबर काढले, असं दोघंही म्हणत. ते तीस नसतीलही, पण हिवाळे मोजण्याची दोघांची तीच रीत होती.

"लीफलेट माझ्याकडून," रेगे म्हणाले. "प्रिंटर माझा पेशंट आहे. तू फक्त जिने चढ."

काका नाही म्हणणार, इतक्यात काकू म्हणाल्या, "घ्या हो. भाऊजी काय परके आहेत का?"

काकांनी घेतलं. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात दुसऱ्याकडून घेतलेली ती एकच गोष्ट. लीफलेट चकचकीत कागदावर छापून आलं. फोटोत काका दातांच्या डॉक्टरसारखे दिसत होते. ते खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कागद जरा जास्तच चांगला आहे."

टॉवर ब्लॉकच्या लिफ्ट बंद असत. काका जिने चढत. मी एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर होते, आणि दिवसभर वॉर्डात उभी राहून माझे पाय आधीच गेले होते. वरच्या एका मजल्यावर एका म्हाताऱ्या इंग्लिश बाईने साखळी न काढता दार किलकिलं केलं. काकांनी आपलं म्हणणं मांडलं. ती म्हणाली, "मत देईन की नाही माहीत नाही. पण वर चढून आलेले तुम्ही पहिलेच. पाणी हवं का?" काकांनी पाणी घेतलं, आणि लिफ्ट कधीपासून बंद आहे ते विचारलं. ते आश्वासन देत नसत. "लोकांना उत्तर नको असतं, तारीख हवी असते. आणि तारीख माझ्याकडे नाही," असं ते तिलाही म्हणाले. मी मनात म्हटलं, हा माणूस पडणार.

ते निवडून आले. अगदी थोडक्यात, दोनदा मोजणी होऊन.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं त्यामुळे ते आमच्या भागात प्रसिद्ध झाले, किंवा हास्यास्पद. प्रत्येक मीटिंगनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका मोठ्या कागदावर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात लिहीत: विषय काय होता, आपण कोणत्या बाजूला हात वर केला, आणि का. तो कागद समोरच्या खोलीच्या खिडकीला आतून चिकटवत, रस्त्याकडे तोंड करून. बस स्टॉपवर उभ्या असलेल्या लोकांना तो वाचण्यावाचून गत्यंतर नसे. बस उशिरा येई त्या दिवशी लोक जास्त वाचत. पोल टॅक्सच्या, म्हणजे सरकारने माणशी कर लावला त्या वर्षी तर काचेवर टकटक करून भांडायला येणारे होते. काकू त्यांना म्हणत, "ते कामावर गेलेत. भांडायचं असलं तर सहानंतर या."

पक्षाच्या गटनेत्याला हे मुळीच आवडत नसे. "मतं झाकून ठेवायची गोष्ट नाही, पण खिडकीत लावायचीही नाही," असं तो म्हणे. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "हात वर केला की खाली घेता येतो. पुसता येत नाही. मग लोकांनी बघितला तर काय बिघडलं?"

इकडे माझ्या वॉर्डात सोलापूरकडच्या एक आजी दाखल झाल्या होत्या. मुलगा बेसिंगस्टोकला, त्याला रोज येता येत नसे. आजींना एक शब्द इंग्रजी येत नव्हता. पुढ्यात आलेला उकडलेला बटाटा त्या बाजूला सारत आणि क्षीण आवाजात म्हणत, "भात." नर्सेस चांगल्या होत्या, प्रेमळ होत्या. त्यांना ऐकू येई 'बाथ'. त्या आजींना उचलून आंघोळीला नेत. मी सुट्टीवरून परत आले तेव्हा आजी स्वच्छ, गोऱ्यापान आणि उपाशी होत्या. मला बघून रडल्या. थोड्याच दिवसांत गेल्या. न्यूमोनिया, असं मी सर्टिफिकेटवर लिहिलं, आणि ते खरंच होतं.

मी हे घरी सांगितलं त्या दिवशी रेगे जेवायला आले होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "आपणही म्हातारे होणार आहोत," ते म्हणाले. "आपल्याला कोण भात देणार आहे?"

त्यातून नर्सिंग होमची गोष्ट निघाली. चढावर एक मोठं जुनं घर विकायला होतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसाठी होम काढायचं, आपली भाषा बोलणाऱ्या एक-दोन नर्सेस ठेवायच्या, वरणभात शिजवायचा. रेग्यांनी त्यात जीव ओतला. आपली प्रॅक्टिस भागीदाराच्या हवाली करायची तयारी केली. पण राहत्या घराचं होम करायला कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीची परवानगी लागते, आणि चढावरच्या शेजाऱ्यांनी विरोध केला. पार्किंग, ॲम्ब्युलन्सचा आवाज, आणि एका पत्रात 'स्वयंपाकाचे वास'. कमिटी जवळजवळ मधोमध दुभंगली होती. काका त्या कमिटीवर होते.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी रेगे आले. नेहमीसारखे हसत. "तू काही भाषण करू नकोस," ते म्हणाले. "तू बोललास की लोक विरोधात जातात. तू फक्त हात वर कर."

"मला सांगावं लागेल," काका म्हणाले.

"काय?"

"लीफलेट तू छापून दिलीस ते."

रेगे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग हसू उतरलं. "अरे, कोणाला माहीत आहे ते? हिशेब रीतसर दाखवलाय ना? झालं तर. आता सांगितलंस तर तुला बाहेर जावं लागेल."

"हो."

"आणि तू बाहेर गेलास तर हे पडेल."

"पडू शकतं."

"तुला हे होम नकोय का?"

"हवंय," काका म्हणाले. "मनापासून हवंय. म्हणून तर."

काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि दोघांच्या मध्ये चहाचे कप ठेवून उभ्या राहिल्या. त्या बोलतील अशी मला आशा होती.

मीटिंगला मी आणि काकू प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो होतो. रेगे पुढे, निळ्या सुटात. अर्जाची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी नेहमीच्या यांत्रिक सुरात विचारलं, कोणाला काही संबंध जाहीर करायचा आहे का. काका उभे राहिले. अर्जदार माझा जुना मित्र आहे, त्याने माझ्या निवडणुकीत लीफलेट छापून दिली, म्हणून मी या चर्चेत भाग घेणार नाही, असं दोन वाक्यांत सांगितलं. गटनेत्याने डोळे मिटले. काकांनी छत्री उचलली आणि ते दाराबाहेर गेले. दार जड होतं, ते लागायला वेळ लागला.

चर्चा लांबली. पार्किंगवर बोलले, ड्रेनेजवर बोलले. भाताबद्दल कोणी बोललं नाही. हात वर झाले, आणि एका मताने अर्ज पडला.

मी बाहेर गेले. कॉरिडॉरमध्ये जुन्या मेयरांच्या तसबिरींखाली लाकडी बाकावर काका बसले होते, गुडघ्यांमध्ये छत्री.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकाने."

त्यांनी मान हलवली. कोणत्या बाजूने, ते विचारलं नाही.

रेगे बाहेर आले ते सरळ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "तू विरोधात हात वर केला असतास ना, तरी मला समजलं असतं," ते म्हणाले. "मी भांडलो असतो, महिन्याभराने जेवायला आलो असतो. पण तू बाहेर येऊन बसलास." मग काकूंकडे वळून म्हणाले, "येतो वहिनी." ते गेले, आणि त्यानंतर काही वर्षं आले नाहीत. त्यांनी अपील करायचं ठरवलं होतं, पण तोवर मालकाने ते घर दुसऱ्याला विकलं. तिथे फ्लॅट झाले. पार्किंगची ओरड नंतर कोणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत कागद लागला. मत दिलं नाही, बाहेर होतो, अर्जदाराने माझी लीफलेट छापून दिली होती. अर्ज व्हायला हवा होता, असंही खाली लिहिलं होतं. मी म्हटलं, काका, निदान हे शेवटचं वाक्य तरी काढा. ते म्हणाले, "तेही खरंच आहे ना?" चढावरचे लोक म्हणाले, मेंबर आपल्या माणसांच्या बाजूचा आहे, आता पकडला गेला. आपली माणसं म्हणाली, मेंबर घाबरला. दुपारी काचेवर कोणीतरी अंडं फेकून गेलं. कोणत्या बाजूचं होतं ते कळायला मार्ग नव्हता. काकूंनी गरम पाण्याने काच पुसली.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी एक बाई माझ्याशेजारी उभ्या राहून, काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "या लोकांसाठी कितीही करा, शेवटी असंच करतात." 'या लोकांसाठी' म्हणजे काय ते तिथल्या सगळ्यांना कळलं. काकूंच्या हातात चकलीची डिश होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि त्या बाईंना शांतपणे म्हणाल्या, "आमच्यासाठी केलं ते आम्ही चारचौघांत सांगितलं, ताई. तेवढंच केलं आम्ही." आणि कोट घ्यायला गेल्या. ट्रेनमध्ये काका अख्खा वेळ खिडकीबाहेर बघत होते. काकू त्यांना म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी आतच बसा म्हटलं असतं." काका म्हणाले, "म्हणून विचारलं नाही."

पुढच्या निवडणुकीला पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. गटनेत्याने फोन केला, सभ्यपणे बोलला. जो माणूस आपल्याच बाजूचं एक मत हकनाक घालवतो त्याच्यावर गट कसा चालवायचा, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. काकांनी फोन ठेवला आणि खिडकीवरचे चिकटपट्टीचे डाग नखाने खरवडत बसले.

शनिवारची सर्जरी मात्र चालू राहिली. एमपी निवृत्त होणार होते त्याआधीच्या शेवटच्या शनिवारी मी काकांना गाडीने घेऊन गेले. एमपी खूप थकलेले दिसत होते. त्यांनी काकांना चहा मागवला, जे ते कधी करत नसत. "माझी सगळी मतं वाचणारे तुम्ही एकटेच," ते म्हणाले. "माझ्या बायकोनेही वाचली नाहीत." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुमचंही ऐकलं मी. कसं वाटलं बाहेर?"

काकांनी विचार केला. "थंडी होती," ते म्हणाले.

मला मिल्टन कीन्सला कायमची नोकरी लागली आणि मी अखेर बॉक्स रूम सोडली. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, ओलांडत कामावर जायचं, तसंच परत यायचं. दिवस कळत नसत. रविवारी फोन करायचे. नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता तेव्हा एका फोनवर काका म्हणाले, "डॉक्टर, तिचा उजवा हात उचलत नाही." काकूंना स्ट्रोक झाला होता.

वाचा शाबूत राहिली, उजवी बाजू गेली. काका सत्तरीला आलेले; काकूंना उचलता उचलता एकदा दोघंही पडले. मग कौन्सिलने बरोच्या, म्हणजे आपल्या हद्दीच्या, पार दुसऱ्या टोकाला एका होममध्ये जागा दिली. दोन बस बदलून जायचं. माणसं चांगली होती. जेवायला बटाट्याचा मॅश, वाफवलेले मटार, कस्टर्ड. काका रोज डबा घेऊन जात, पण गिळताना ठसका लागेल म्हणून होमवाले बाहेरचं देऊ देत नसत. डॉक्टर म्हणून मला ते पटत होतं. मी रविवारी जाई तेव्हा काका मॅशचा चमचा धरून बसलेले असत, आणि काकू तोंड फिरवून.

अशाच एका रविवारी दारात रेगे उभे होते. केस पूर्ण पांढरे, कोट तसाच झोकदार. कोणीतरी त्यांना कळवलं होतं. ते पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"माझं होम झालं असतं तर वहिनी तिथे असत्या," रेगे म्हणाले.

"हो," काका म्हणाले.

"घरापासून चालत आला असतास."

"हो."

"आणि तरी तू तेच केलं असतंस?"

काकांनी चमचा वाटीत ठेवला. "तेव्हा केलं," ते म्हणाले. "आता विचारू नकोस. आता दमलो मी."

रेग्यांनी हात लांब करून वाटी उचलली. "सरक," म्हणाले. "तू चमचा चुकीचा धरतोस. वहिनी, आ करा." काकूंनी आ केला.

त्यानंतर रेगे दर रविवारी येऊ लागले. ते दोघं फारसं बोलत नसत.

होममध्ये नातेवाइकांची एक मीटिंग असे. मॅनेजरबाई, आम्ही दहा-बारा नातेवाईक, आणि व्हीलचेअरमध्ये बसू शकणारे रहिवासी. त्या खेपेला मॅनेजरबाई म्हणाल्या, जेवणाबद्दल तक्रारी आहेत, नातेवाइकांचा एक प्रतिनिधी हवा, तो किचनशी आणि कौन्सिलशी बोलेल. कोण होतं? सगळ्यांनी खाली बघितलं. सगळे थकलेले होते. काकांनीही बघितलं.

काकूंनी डावा हात वर केला. मराठीत म्हणाल्या, "यांना करा."

मी त्याचं इंग्रजी केलं. काकांनी काकूंकडे पाहिलं, जसं आपण आपल्याला पकडून देणाऱ्याकडे पाहतो. मग ते हळूहळू, खुर्चीचे दोन्ही हात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला आधी एक जाहीर केलं पाहिजे. माझी पत्नी इथे राहते. या प्रश्नात माझा थेट संबंध आहे, त्यामुळे मी—"

पुढच्या खुर्चीवरच्या जमैकाच्या एक वयस्कर बाई, ज्यांचा भाऊ तिथे होता, काकांकडे वळूनही न बघता म्हणाल्या, "इथे सगळ्यांचंच कोणीतरी आहे, डार्लिंग. बसा खाली."

सगळे हसले. काका बसले. हात वर झाले. त्यांनी स्वतःसाठी केला नाही. रेगे मागच्या ओळीत होते. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही, पण मॅनेजरबाई मोजताना "आणि मागचे डॉक्टर" असं म्हणाल्या.

पुढचे कित्येक महिने काकांचे त्यात गेले. किचनवाले म्हणाले, तांदळाला वेगळं भांडं लागतं. कौन्सिल म्हणालं, डाएटिशियनची सही लागते. डाएटिशियन रजेवर होती. काका दोन बस बदलून ऑफिसात जाऊन बसत आणि तारीख विचारत. कधी कधी मला फोनवर म्हणत, "डॉक्टर, माझ्याच्यानं होत नाही आता." दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

शेवटी एका गुरुवारी मऊ भात आणि वरण आलं, नीट बारीक केलेलं, गिळता येईल असं. मी रजा काढून गेले होते. रेगेही होते. काकांनी काकूंच्या गळ्याशी नॅपकिन लावला, भात कालवला, चमचा त्यांच्या तोंडाशी नेला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबले. काकूंनी सावकाश चावलं, सावकाश गिळलं.

"मीठ नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग चमचा रेग्यांच्या हातात दिला, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि किचनच्या दिशेने चालू लागले.